पेटी सादळू नये म्हणून

करंजवाडी, ता. गगनबावडा
१५ मार्च १९९८

प्रिय पशास,
आक्काचा सप्रेम जयभीम.

तुझं भेटकार्ड मिळालं. वर बर्फातल्या घराचं चित्र आणि आत "मी मजेत आहे, काळजी नसावी" एवढी एकच ओळ. अलाबामात बर्फ पडत नाही असं तूच मागं लिहिलं होतंस ना? मग हे घर कुणाचं? आणि एवढा लांब कागदाच्या कारखान्यात नोकरीला गेलास, तिथं बहिणीला लिहायला कागद मिळत नाही होय रे?

असो. आता माझं ऐक, पण हसू नको. आमच्या महिला मंडळानं टर्की पाळल्यात. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आले होते. कोंबडीपेक्षा मोठा पक्षी, नाताळात गोव्याच्या हॉटेलांत भारी मागणी, असं सांगून ते पिल्लं देऊन गेले. पणजीच्या एका हॉटेलवाल्यानं डिसेंबरात नेतो असा शब्दही दिलाय. मंडळात आपल्या बौद्धवाड्यातल्या मी आणि बाळाबाई, गावातल्या विठाबाई आणि हंबीरराव पाटलांच्या घरच्या संयोगिता वहिनी. अध्यक्ष मला केलंय. त्यावरून गावात कुजबुज व्हायची ती झाली. पाटलांचा माळावरचा गोठा रिकामा पडून होता, तो संयोगिता वहिनींनी घरात भांडून मिळवला. पाटील म्हणाले, "वापरा. पर ही इलायती पाखरं बावड्याच्या पावसात जगायची न्हाईत. कळप मोडला की गोठा मोकळा करायचा, मग बोलायचं न्हाय."

पिल्लं आता चांगली दणकट झाल्यात. दिवसभर माळावर चरतात, किडे-नाकतोडे खातात, पण संध्याकाळी परत यायचं नाव नको. कोंबड्यांना "ती ती ती" केलं की धावत येतात. ह्यांना काही कळतच नाही. मान वर करून बघतात आणि उलट्या दिशेनं चालू लागतात. ओरडून ओरडून बाळाबाईचा घसा बसलाय. ती म्हणते, "आपली भाषा त्यास्नी येत न्हाय, त्यांची आपल्याला येत न्हाय."

म्हणून तुला लिहिते. हा पक्षी मूळचा तुझ्याच मुलखातला ना? तिथली माणसं त्याला कसं बोलावतात, एवढं कुणाला तरी विचारून कळव. आणि कार्ड पाठवू नको, पत्र लिही.

तुझी,
ललिता आक्का

—

अलाबामा
६ एप्रिल १९९८

प्रिय आक्का,
सप्रेम जयभीम.

हसलो नाही. खरं सांगायचं तर थोडा हसलो.

माझ्या शेजारी हॉलिस नावाचे एक म्हातारे राहतात, आमच्याच मिलमधून निवृत्त झालेले. आल्यापासून आमचं बोलणं म्हणजे त्यांनी हात वर करायचा, मी हात वर करायचा. इथं बहुतेकांशी माझं तेवढंच बोलणं. पण त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर टर्कीचं चित्र चिकटवलेलं आहे, म्हणून तुझं पत्र घेऊन त्यांचं दार वाजवलं. म्हटलं, माझ्या बहिणीला टर्कीला हाक मारायची आहे.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आजवर मुका होतो आणि आत्ताच मला वाचा फुटली. मला आत नेलं. एक कपाट उघडलं, तर त्यात नुसत्या लाकडी पेट्या. प्रत्येक कंपासपेटीएवढी, आतून पोकळ, वर एका टोकाला एकाच खिळ्यानं सैल अडकवलेलं झाकण. ते झाकण कडेवर घासलं की हुबेहूब टर्कीच्या मादीचा आवाज. मी दचकून मागं बघितलं!

पण आक्का, इथं ही पेटी शिकारीसाठी वापरतात. माणूस झाडाआड लपून मादीचा आवाज काढतो, नर त्या आवाजाला भुलून येतो, आणि मग बंदूक. मी सांगितलं, माझी बहीण पाखरांना संध्याकाळी घरी बोलावणार, दाणे घालायला. हॉलिस इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग बराच वेळ शोधून त्यांनी एक पेटी काढून दिली. स्वतः घडवलेली. पैसे घेतले नाहीत.

आमचे एक सहकारी पुण्याला चाललेत, ते तिथून पार्सल करतील. सूचना अशा: झाकणाला फक्त खडू घासायचा. तेल, मेण, काही लावायचं नाही. आणि पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, कारण लाकूड दमट झालं की पेटी मुकी होते. हॉलिसनी विचारलं, तिच्याकडं पाऊस पडतो का? मी म्हटलं, थोडाफार.

तुझा,
पशा

—

करंजवाडी
२० मे १९९८

प्रिय पशा,
जयभीम.

थोडाफार?! अरे, बावड्याच्या पावसात जन्मलास तू!

पेटी पोचली. पण त्याआधी गोंधळ झाला. पोस्टमननं वाड्यात सांगितलं, "अमेरिकेवरनं पेटी आलीया." तुझ्या दाजींना वाटलं बाजाची पेटी. तू त्यांच्या गाण्याच्या पार्टीसाठी पाठवलीस म्हणून त्यांनी शेजारच्या दोघांना चहाला बोलावून ठेवलं. पार्सल उघडलं आणि हातात ही एवढीशी डबी! अर्धा दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

संध्याकाळी मी ती माळावर नेली. आधी नुसतं खरखर. मग बाळाबाईनं मनगट कसं सैल सोडायचं ते करून करून जमवलं, तिच्याकडून मी शिकले. कट्ट, कट्ट, कट्ट, असा आवाज निघाला आणि माळावरच्या सगळ्या माना एकदम वर! पशा, काय सांगू तुला, लग्नाच्या पंगतीला पाहुणे निघावेत तशा रांगेनं आल्या. विठाबाई टाळ्या वाजवायला लागली. त्या दिवसापासून रोज पेटी वाजवायची आणि आल्याबरोबर दाणे घालायचे, असा नेम ठेवलाय. आता भर चरण्यातून येतात.

हंबीरराव पाटील मोटरसायकल थांबवून बघत होते. म्हणाले, "खेळणं चांगलं हाय. पर आता आभाळ भरून याय लागलंय, बाई. मग बघू."

मग बघू, मीही म्हटलं. पण मनात धाकधूक आहे. तू लिहितोस की दमट हवेत ती मुकी होते. इथं जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, काडेपेटीसुद्धा पेटत नाही. हॉलिसकाकांना विचार, पावसाळ्यात ते काय करतात?

आणि तुझं लिही. जेवतोस काय? मित्र झाले का?

आक्का

—

अलाबामा
८ जून १९९८

प्रिय आक्का,
जयभीम.

काम फार आहे, म्हणून थोडक्यात. हॉलिस म्हणतात, पावाचा प्लास्टिकचा कागद असतो त्यात पेटी गुंडाळून ठेव, वाजवताना हात पिशवीत घालून पिशवीच्या आतच वाजव. घामाचा हात लावू नको. खडूही कोरडा ठेव.

मी मजेत.

पशा

—

करंजवाडी
१ जुलै १९९८

प्रिय पशा,
जयभीम.

हे पत्र चुलीपुढं बसून लिहिते आहे, नाहीतर कागदावर शाई पसरते.

पेटी सादळली. पावसानं झोड उठवल्यावर पहिले काही दिवस ती तुझ्या काकांच्या प्लास्टिक पिशवीत नीट राहिली. मग एक दिवस पिशवी उघडली तर आतूनच घाम फुटलेला, आणि लाकडावर पांढरी लव. झाकण ओढलं तर फुगलेल्या दारासारखा आवाज, कर्र. टर्क्यांनी ढुंकून बघितलं नाही. म्हटलं, वाळवू. चुलीच्या वैलावर ठेवली आणि भाकरी थापायला बसले. वास आला तेव्हा झाकणाची एक कड करपली होती. मी भाकरी टाकून उठले. दाजी म्हणाले, "लाकूड हाय, जळणारच की." त्यांना म्हटलं, आज भाकरी तुमची तुम्ही थापा.

तुला सांगणार नव्हते, पण आता सांगितलंच. करपलेल्या बाजूनं वाजत नाही. दुसऱ्या बाजूनं वाजते, पण कोरडी असली तरच.

मग मी डोकं चालवलं. मिठाच्या बरणीत आपण तांदूळ टाकतो ना, मीठ पाणी धरू नये म्हणून? तसं करू म्हटलं. आधी चुरमुऱ्यात ठेवली, पण चुरमुरे स्वतःच मऊ पडले. मग जाड तांदूळ तव्यावर खमंग भाजले, निववले, फडक्यात बांधून डब्यात घातले, वर पेटी आणि खडू, आणि झाकण घट्ट. रोज सकाळी तांदूळ पुन्हा भाजायचे. दोन दिवसांनी पेटीचा आवाज मोकळा झाला. पण घरात. माळावर नेऊन डबा उघडला की एवढं धुकं असतं की झाकण ओढेपर्यंत ती परत ओल धरून बसते.

आतापर्यंत पाखरं जगल्यात, कारण गोठ्यात आम्ही भाताचा कोंडा पसरतो आणि ओला झाला की काढतो. चौघीही पाळीनं. पण पावसाची उघडीप झाली की त्यांना बाहेर सोडावं लागतं. धुक्यात एखाद्या दिवशी पांगल्या तर माझ्या हातात काही नाही. पाटील रोज विचारतात, "किती ऱ्हायली?" मी म्हणते, "समदी हाईत." ते म्हणतात, "अजून श्रावण यायचाय."

ताबडतोब लिही.

आक्का

—

अलाबामा
१३ जुलै १९९८

प्रिय आक्का,
जयभीम.

तुझं पत्र हॉलिसना जसंच्या तसं इंग्रजीत करून सांगितलं. पावसात ते काय करतात हे शेवटी त्यांनी कबूल केलं. पाऊस आला की ते घरी जातात! म्हणाले, असल्या पावसात मला टर्की बोलवायची असती तर मीच तुझ्या बहिणीला विचारलं असतं. भाजलेल्या तांदळाची गोष्ट त्यांनी एका कागदावर लिहून घेतली.

पण एक गोष्ट त्यांनी मनापासून सांगितली, ती नीट वाच. कळप पांगला तर पाखरांच्या मागं धावायचं नाही. धावलं की ती आणखी लांब जातात. जिथून कळप फुटला असेल, नेमकं त्याच जागी जाऊन बसायचं. माणसांनी, कुत्र्यांनी, सगळ्यांनी गप्प व्हायचं. पाखरांनाही एकटं राहवत नाही, ती आईला शोधत त्याच जागी परत येतात. थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग मादीचा आवाज काढायचा, हळू. घाई करायची नाही.

आता दुसरं. दाजींना विचारशील का, कोल्हापुरात शिरोलीच्या एखाद्या कारखान्यात माझ्यासारख्याला काही काम मिळेल का? पगार कमी असला तरी चालेल. सहज विचारतोय.

पशा

—

करंजवाडी
८ ऑगस्ट १९९८

प्रिय पशा,
तुला जयभीम, आणि हॉलिसकाकांना माझा नमस्कार. आधी त्यांना सांग, मग तू वाच!

नाही, तूच आधी वाच.

गेल्या सोमवारी सकाळी असं वारं सुटलं की उभं राहवत नव्हतं. मी कोंडा काढायला निघणार तोवर बाळाबाई धावत आली. गोठ्याशेजारच्या जांभळीची मोठी फांदी मोडून कौलांवर पडली होती. छप्पर खचलं, दार निखळलं, आणि सगळा कळप भेदरून खालच्या घळीत, कारवीच्या झुडपांत घुसला. एक पाखरू कौलांखाली सापडून मेलं. बाकीची धुक्यात.

मी डबा पदराखाली घेतला, इरलं पाठीवर टाकलं आणि धावले. वर पोचते तर अर्धा गाव गोळा झालेला. कुणी पत्र्याचा डबा बडवतंय, कुणी काठ्यांनी कारवी झोडतंय, पाटलांची दोन कुत्री घळीच्या तोंडाशी भुंकतायत, आणि मधे स्वतः हंबीरराव, धोतर खोचून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, "इकडनं घाला! तिकडनं वळवा!" दर आरोळीला खालून पंख फडफडल्याचा आवाज यायचा, आणि तो लांब जात होता.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"पाटील, कुत्री बांधा. समद्यास्नी थांबवा."

"अगं बाई, पाखरं पळाली की! थांबवून काय आरती करायची?"

"थांबवा म्हणते न्हवं! खाली बसा आनि गप बसा."

पशा, गावात आजवर त्यांना कुणी खाली बसा म्हटलेलं नाही, त्यांच्याच गोठ्यात उभं राहून तर नाहीच, आणि वाड्यातल्या बाईनं तर... तू समजतोस. विठाबाईनं तोंडावर हात ठेवला. पाटलांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार तोच संयोगिता वहिनी चिखलात बसल्या. नेसूच्या चांगल्या लुगड्यासकट, मांडी घालून. म्हणाल्या, "अध्यक्षानं सांगितलंय. बसा."

आणि पाटील बसले. मग सगळे बसले. पाटलांच्या गड्यानं कुत्र्यांची तोंडं धरली.

मी मोडक्या दाराच्या उंबऱ्यात, जिथून कळप फुटला होता तिथं बसले. इरलं पाठीवरून डोक्यावर ओढलं, कडा जमिनीला टेकवल्या, आत कासवासारखी. बाहेर धो धो, आत कोरडं. डबा मांडीवर घेतला. तांदूळ अजून कोमट होते. हात तांदळात खुपसून कोरडे केले, खडू घासला, आणि थांबले. काकांनी सांगितलं होतं ना, घाई नको.

मग झाकण ओढलं. नुसतं कर्र. बोट ओलं राहिलं होतं. पुन्हा पुसलं. पुन्हा ओढलं, चांगल्या बाजूनं.

कट्ट. कट्ट. कट्ट.

काही नाही. फक्त पाऊस.

पुन्हा. आणि मग खूप खालून, घळीतून, बारीक आवाज आला, की, की, असा. रडवेला. मी उत्तर दिलं. दुसरीकडून आणखी एक. मग वर झाडावरून. इरल्याआड मला काही दिसत नव्हतं, म्हणून बाळाबाई माझ्या कानाशी लागून सांगत होती, "आक्का, एक मुंडकं दिसलं. आली. तिच्यामागनं दुसरी. अगं, जांभळीवरनं उडी मारली बघ एकीनं! थांबू नगंस, वाजव." मी वाजवत राहिले. मनगट भरून आलं. इरल्याची कड जराशी उचलली तर धुक्यातून एकेक काळी आकृती उतरत होती, अंग झाडत होती आणि सरळ माझ्याकडं चालत येत होती.

सगळ्यात मोठा नर आला तो पाटलांच्या पुढ्यात थांबला. पिसारा फुलवला, गळा लाल केला आणि त्यांच्या तोंडावर गुडगुडगुड करून ओरडला. हंबीरराव हलले नाहीत. नाकावरून पाणी गळत होतं तेही पुसलं नाही. मग अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं,

"बाई, उठू का आता?"

मी म्हटलं, "उठा."

मग जो हशा झाला पशा! पाटीलसुद्धा हसले. संयोगिता वहिनी तर चिखलातून उठेचनात. कौलांखालचं ते एक सोडून सगळी पाखरं परत आली होती. संध्याकाळपर्यंत पाटलांनी बांबू आणि पत्रे आणवले. मी विचारलं, "कळप मोडला तर गोठा मोकळा करायचं ठरलं होतं न्हवं?" ते म्हणाले, "मोडला कुठं? समद्या बसल्यात की तुझ्यापुढं."

तू विचारलेलं नोकरीचं दाजींना सांगितलं. ते म्हणाले, अमेरिकेतला साहेब शिरोलीत कशाला येतोय, चेष्टा करतोय आपली. मीही हसले. पण रात्री आठवलं, तू चेष्टा लिहीत नाहीस. काय आहे ते खरं लिही.

तुझी,
आक्का

—

अलाबामा
१२ सप्टेंबर १९९८

प्रिय आक्का,
जयभीम.

चेष्टा नव्हती.

तुझं पत्र आलं तेव्हा मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. इथं माणसं वाईट नाहीत, पण माझ्याशी बोलायला कुणापाशी काही नव्हतं आणि माझ्यापाशीही नव्हतं. जेवताना घरात फक्त फ्रीजचा आवाज असायचा. मी मजेत आहे असं लिहीत राहिलो, कारण दुसरं काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

पत्र घेऊन हॉलिसकडं गेलो. दोन ओळी ऐकल्या आणि त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, हे मी एकट्यानं ऐकायचं नाही. मला गाडीत घालून गावातल्या पेंडीच्या दुकानात नेलं. तिथं त्यांची सगळी शिकारी मंडळी रोज कॉफीला जमतात. मला एका पोत्यावर बसवलं आणि म्हणाले, वाच.

मी एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत गेलो. इरलं कसं असतं ते दाखवायला दुकानातलं रिकामं पोतं डोक्यावर घेतलं. तू पाटलांना खाली बसायला सांगितलंस तिथं मी थांबलो, कारण त्यात काय काय आहे ते त्यांना कळणार नाही असं वाटलं. मग म्हटलं, सांगू तर खरं. आमचे आजोबा ज्या माणसाच्या आजोबांपुढं चप्पल हातात घेऊन चालायचे, त्या माणसाला तिनं चिखलात बसवलं. मागं एक कृष्णवर्णीय गृहस्थ उभे होते, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी विचारलं, "आणि तो बसला?" मी म्हटलं, बसला. त्यांनी टोपी काढली आणि काउंटरवर आपटली. मग जो आवाज झाला आक्का, तो तुझ्या माळापर्यंत ऐकू आला असेल.

"बाई, उठू का आता?" हे मला तीन वेळा सांगावं लागलं. आता दुकानात कुणी खुर्चीवरून उठताना तेच विचारतं.

हॉलिसनी तांदूळ भाजले. करपवले, पुन्हा भाजले. आता त्यांच्या कपाटात एक पत्र्याचा डबा आहे. नोव्हेंबरात इथं टर्कीच्या जेवणाचा सण असतो, त्याला त्यांनी मला बोलावलं आहे. राजीनामा मी दिला नाही. सध्या तरी देत नाही.

एक विचारायचं राहिलं. डिसेंबरात गोव्याचा माणूस येईल, तेव्हा पाखरं पकडायला पेटी फार सोपी जाईल ना? हॉलिस म्हणाले, तिला विचार.

तुझा,
पशा

—

करंजवाडी
२७ डिसेंबर १९९८

प्रिय पशा,
जयभीम.

नाताळाच्या आधी पणजीहून गाडी आली. माल बघून तो माणूस म्हणाला, बावड्याच्या पावसात एवढी टर्की कुणी जगवली? चौघीही एकदम म्हणालो, "आम्ही." पुढच्या वर्षाचं आत्ताच सांगून गेलाय. मलकापूरच्या बायकांचं मंडळ आमचा गोठा बघायला येणार आहे, तिकडंही असाच पाऊस असतो. त्यांना तांदूळ कसे भाजायचे ते बाळाबाई शिकवणार. ती आत्तापासून लुगडं ठरवून बसलीय.

आता तू विचारलेलं. गाडीवाल्यानं पेटीबद्दल ऐकलं होतं. म्हणाला, "वाजवा की बाई, आपोआप पिंजऱ्यात येतील." संयोगिता वहिनींनी डबासुद्धा आणून ठेवला होता. मी नाही म्हटलं. चौघींनी एकेक पाखरू हातानं धरून गाडीत घातलं. दुपार झाली, हात ओरबाडले, मदतीला आलेल्या पाटलांच्या अंगठ्याला चोच लागली. पशा, पाळली ती विकायलाच, हे मला कळतं. मी काही साधू नाही. पण तो आवाज ऐकून आजवर जे पाखरू आलं त्याला दाणाच मिळाला. त्या आवाजानं त्यांना फसवायचं माझ्या हातून होणार नाही. हॉलिसकाकांना राग येईल तर येऊ दे. त्यांना सांग, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल, माझं माझ्या जागी.

पुढच्या पैदाशीसाठी ठेवलेल्या माद्या आणि तो मोठा नर मात्र घाबरले होते. एवढी धरपकड झाल्यावर त्यांनी आमच्यावर विश्वास कशाला ठेवावा? दुसऱ्या दिवशी सकाळी सोडल्या तर थेट घाटरस्ता ओलांडून पलीकडच्या टेकाडावर गेल्या आणि लांबूनच बघत राहिल्या. बाळाबाई म्हणाली, "आता येत न्हाईत, आक्का." मला रात्रभर झोप नव्हती, त्यात हे.

मी रस्त्याच्या अलीकडं बसले. थंडीतली कोरडी हवा, पेटी अशी स्वच्छ वाजली की माझं मलाच आश्चर्य वाटलं. एकदा. दोनदा. तो नर पुढं आला. मग मागून एकेक, घाई न करता, रांगेनं, डांबरी रस्त्यावर.

नेमकी तेव्हाच कोकणातून एष्टी वर आली. ड्रायव्हर नवखा, त्यानं हॉर्नवर हात ठेवला. गाडीतली माणसं खिडकीतून ओरडायला लागली, "ओ, हाकला की त्यास्नी!" मी उठणार तोच हंबीरराव कुठून आले कुणास ठाऊक. अंगठ्याला चिंधी बांधलेली. गाडीपुढं, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात आडवे करून उभे राहिले, आणि त्यांचा तो सगळ्या गावाला ऐकू जाणारा आवाज लावला.

"थांबा वो पावणं! इंजन बंद करा. आधी आमची पाखरं जाऊ द्यात."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अख्खी एष्टी गप झाली. मी पेटी वाजवत राहिले, आणि सगळ्या माद्या एकामागून एक रस्ता ओलांडून माझ्यापाशी आल्या.

"आमची" म्हणाले, पशा. मी नीट ऐकलं.

तुझी,
ललिता आक्का